मातीलाही कान असतात

आपल्या स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागितला, तेव्हा 'प्रदीर्घ व्यवसायातील काही अनुभव' असा विषय त्यांनी सुचविला होता. मी त्यांना सांगितले, "मी मातीच्या भांड्यांतून वाहणाऱ्या आणि न वाहणाऱ्या विजेविषयी लिहीन म्हणते." फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ते सौजन्याने म्हणाले, "डॉक्टर, लिहा, परंतु आपल्या सभासदांना रुचेल असे लिहा." ते मी कितपत साधले आहे हे सुज्ञ वाचकांनी ठरवावे. स्त्रीरोगतज्ज्ञाने हा विषय का निवडला, याचे कारण २०११ सालच्या एका दुपारी दडलेले आहे. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र मला थोडे मागे जावे लागेल.

आमचे घर दांडियाबाजारातले. वडील, म्हणजे अण्णा, वीज मंडळात नोकरीला होते. वडोदऱ्यातील कित्येक मराठी घरांतून त्या काळी एक तरी माणूस वीज मंडळात, रेल्वेत किंवा विद्यापीठात असायचाच. घरातील दिवे गेले की अण्णा स्टुलावर चढून मीटरच्या फळीवरचा पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज खेचून काढीत, जळलेली तार खरवडून टाकीत आणि नवी तार गुंडाळून तो पुन्हा जागेवर बसवीत. खाली मी मेणबत्ती धरून उभी असे. "अण्णा, तुम्हाला वीज लागत नाही?" या माझ्या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठरलेले होते : "ही माती मध्ये आहे ना, तोवर नाही." त्यांनी एकदा खांबावरून उतरवलेला, कड उडालेला एक तपकिरी विद्युतरोधक घरी आणला होता. आईने त्याचा उपयोग दार अडवण्यासाठी केला. त्याच मातीच्या बरणीत तिचे लोणचे मुरत असे. मीठ आणि आंबटपणा वर्षभर सोसूनही बरणीला काही होत नसे आणि हजारो व्होल्टचा ताण सोसूनही खांबावरच्या त्या तपकिरी छत्रीला काही होत नसे. चिनी माती ही कशालाच दाद न देणारी, मख्ख वस्तू आहे, असा माझा समज त्या वयात झाला आणि तो पुढे चाळीसेक वर्षे टिकला.

ती दुपार

२०११ च्या मार्च महिन्यात एकतीस आठवड्यांची एक गर्भवती माझ्याकडे तपासणीसाठी आली. आधीचे एक मूल सातव्या महिन्यात गेलेले. या खेपेस गर्भाची वाढ किंचित मागे होती, म्हणून दर आठवड्याला नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी चालू होती. ज्या वाचकांचा वैद्यकाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की बाळाचे हृदय आकुंचन पावताना नाळेतून रक्त जोराने वाहते आणि हृदय विसावताना तो वेग उतरतो, परंतु थांबत नाही. विसाव्याच्या काळात प्रवाह थांबलेला दिसला, तर वार नीट काम करीत नाही असा त्याचा अर्थ होतो. मग बाळाला मुदतीपूर्वी बाहेर काढण्याचा विचार करावा लागतो.

त्या दुपारी पडद्यावर मला तो प्रवाह दिसेना. प्रत्येक ठोक्याचे शिखर उमटत होते, पण दोन शिखरांमधली जागा रिकामी होती. मी कोन बदलून पाहिला, नाळेचा दुसरा भाग घेऊन पाहिला, तरीही तेच. तिच्या नवऱ्याला आत बोलावून मी परिस्थिती समजावली. बाळाच्या फुप्फुसांच्या वाढीसाठी द्यावयाचे इंजेक्शन मागवले आणि नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात जागा आहे का, याची चौकशी सुरू केली. ती बाई काही बोलली नाही. पोटावर हात ठेवून ती छताकडे पाहत राहिली. ते पाहणे मला आजही आठवते.

मनात मात्र काहीतरी जुळत नव्हते. गर्भजल पुरेसे होते. बाळ चांगले हालत होते. आठच दिवसांपूर्वीचा आलेख निर्दोष होता. इंजेक्शन टोचण्यापूर्वी मी जवळच राहणाऱ्या एका सहव्यवसायी मैत्रिणीला फोन केला आणि रुग्णाला घेऊन स्वतः तिच्या केंद्रावर गेले. तिच्या यंत्रावर दोन शिखरांमधला तो हळुवार प्रवाह स्वच्छ दिसला. आम्ही दोघींनी तीन वेळा खात्री करून घेतली. प्रवाह होता. आणि तो चांगला होता.

दवाखान्यात परतल्यावर मी माझ्या यंत्राचा प्रोब हातात घेतला. बाहेरून एक ओरखडाही नव्हता. मैत्रिणीने सांगितल्याप्रमाणे तो कोरडाच, हवेत धरून पडद्याकडे पाहिले. वरच्या भागात एकाखाली एक अशा उजळ पट्ट्या उमटल्या आणि त्या पट्ट्यांना मधोमध छेदणारी एक काळी उभी रेघ खालपर्यंत गेलेली दिसली. पोटावर प्रोब टेकवल्यावर ही रेघ ऊतींच्या करड्या चित्रात मिसळून जात होती. प्रोबच्या आतले काही भाग बहिरे झाले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

प्रोब उघडून पाहिल्यावर दुरुस्तीला आलेल्या अभियंत्याने मला एक वाक्य सांगितले : "मॅडम, आतले सिरॅमिक तडकले आहे." सिरॅमिक! म्हणजे आईच्या बरणीचेच गोत्र. त्या रात्री मी वाचायला बसले. पुढे जे लिहीत आहे ते तेव्हापासून साठत गेलेले आहे.

रोखणारी माती आणि साठवणारी माती

केओलीन नावाची पांढरी माती, गारगोटीची पूड आणि फेल्डस्पार हा खनिज एकत्र मळून भाजले की पोर्सेलीन तयार होते. केओलीन आपल्याला परके नाही. जुलाबावर आपणच ते पेक्टिनसोबत वर्षानुवर्षे लिहून दिले आहे. धातूमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकाट हिंडत असतात, म्हणून धातूतून वीज वाहते. भाजलेल्या मातीत मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंच्या बंधात जखडलेला असतो. तो जागा सोडत नाही, म्हणून वीज पुढे सरकत नाही. खांबावरच्या विद्युतरोधकाला एकाखाली एक छत्र्या का असतात, हेही मला तेव्हाच कळले. पावसाचे पाणी छत्रीच्या खालच्या भागापर्यंत सहजासहजी पोहोचत नाही आणि पृष्ठभागावरून सरपटू पाहणाऱ्या विजेचा मार्ग लांबतो. पावागडला जाताना आपण ज्या हालोलवरून जातो, तिथे अशा विद्युतरोधकांचा मोठा कारखाना आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्याकडे कुतूहलाने पाहिले असेल?

याच रोखण्याच्या गुणावर आपल्या कितीतरी रुग्णांचे प्राण विसंबून आहेत. पेसमेकरची डबी टायटेनियम धातूची असते. आतल्या परिपथापासून हृदयाकडे जाणारी तार त्या डबीतून बाहेर कशी काढायची? तार धातूला टेकली तर वीज डबीतच उतरेल आणि फट ठेवली तर शरीरातला द्राव आत शिरेल. म्हणून त्या छिद्रात अॅल्युमिनाचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, भाजलेले कडे बसवतात आणि तार त्यातून बाहेर काढतात. अण्णांच्या फ्यूजचेच काम ते वर्षानुवर्षे छातीच्या कातडीखाली करीत असते.

माती वीज रोखते एवढेच मला लहानपणी ठाऊक होते. ती वीज साठवतेही, हे दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून जगाला नव्याने उमगले. त्या काळी रेडिओ आणि रडारच्या कपॅसिटरांसाठी अभ्रक लागे आणि उत्तम अभ्रकाचा मोठा पुरवठा आपल्या भारतातून होत असे. युद्धात सागरी मार्ग धोक्यात आल्यावर पर्यायांचा शोध सुरू झाला. अमेरिका, जपान आणि रशिया या तिन्ही देशांतील संशोधक १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्वतंत्रपणे एकाच पदार्थापाशी पोहोचले. तो पदार्थ म्हणजे बेरियम टायटॅनेट.

या नावातील दोन्ही घटक डॉक्टरांच्या ओळखीचे आहेत. क्ष-किरण तपासणीपूर्वी आपण रुग्णाला जे बेरियम मील पाजतो, त्यातील बेरियम. आणि गोळ्यांच्या पांढऱ्या शुभ्र आवरणातील टायटेनियम डायऑक्साइड. बेरियम कार्बोनेट आणि टायटेनियम डायऑक्साइड यांची पूड हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजली की बेरियम टायटॅनेट बनते. एखादा पदार्थ विद्युतक्षेत्राच्या प्रभावाखाली किती भार साठवू देतो, याचे माप निर्वातासाठी १ धरले, तर पोर्सेलीनसाठी ते सुमारे ६, अॅल्युमिनासाठी ९ ते १० आणि बेरियम टायटॅनेटसाठी हजाराच्याही पुढे जाते. आपल्या खिशातील मोबाइल फोनमध्ये तिळाहून लहान असे शेकडो कपॅसिटर असतात. ते बहुतांशी याच मातीचे.

एवढी क्षमता येते कोठून? या पदार्थाच्या घडणीची एक लहानशी घनाकृती खोली कल्पावी. आठ कोपऱ्यांत बेरियम, सहा भिंतींच्या मध्यावर ऑक्सिजन आणि खोलीच्या मध्यभागी टायटेनियमचा अणू. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर तो मधला अणू बरोबर केंद्रात असतो. तापमान त्याखाली उतरले की तो केंद्रापासून किंचित एका बाजूला सरकून बसतो. मग खोलीचे एक टोक थोडे धन आणि दुसरे थोडे ऋण होते. बाहेरून विद्युतक्षेत्र लावले की अशा कोट्यवधी खोल्या त्याला प्रतिसाद देतात. ज्या तापमानाला हा स्वभाव नाहीसा होतो त्याला पिएर क्यूरी यांच्या नावावरून 'क्यूरी तापमान' म्हणतात.

मातीला दिलेला संस्कार

क्यूरी हे नाव येथे दोनदा येते. मेरी क्यूरी यांच्याशी विवाह होण्याच्या कितीतरी आधी, १८८० साली, एकवीस वर्षांच्या पिएर यांनी आपले थोरले बंधू जाक यांच्यासमवेत एक शोध लावला. क्वॉर्ट्झसारखे काही स्फटिक दाबले, की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. पुढच्याच वर्षी लिपमन यांनी गणिताने याचा व्यत्यास मांडला आणि क्यूरी बंधूंनी तो प्रयोगाने खरा करून दाखवला. अशा स्फटिकाला वीज दिली की तो आकार बदलतो. याला मराठीत 'दाबविद्युत्' असे समर्पक नाव आहे. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वॉर्ट्झच्या साहाय्याने पाण्याखाली श्राव्यातीत ध्वनी सोडून पाणबुड्यांचा माग काढण्याचे तंत्र विकसित केले.

स्फटिक निसर्गतः शिस्तबद्ध असतो. भाजलेली माती मात्र असंख्य सूक्ष्म कणांची बनलेली असते आणि प्रत्येक कणाची दिशा वेगळी. एकाचा धन भार दुसऱ्याच्या ऋण भाराने पुसला जातो. म्हणून भट्टीतून नुकतीच निघालेली बेरियम टायटॅनेटची वडी दाबली तरी ती मुकीच राहते. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ग्रे या संशोधकाने यावर उपाय शोधला. वडीवर प्रबळ विद्युतक्षेत्र लावून ठेवायचे. आज हे काम बहुधा गरम तेलात, शंभर-दीडशे अंशांच्या आसपास, दर मिलिमीटरला काही हजार व्होल्ट देऊन करतात. निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसलेल्या भागांपैकी शक्य तेवढे भाग त्या क्षेत्राच्या रोखाने वळतात आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही बऱ्याच अंशी तसेच राहतात. मुक्या मातीला येथे वाचा फुटते आणि कानही फुटतात. मला या क्रियेसाठी 'संस्कार' हाच शब्द सुचतो. पदार्थ तोच, वजन तेच, रंग तोच, फक्त आत दिशा आली.

१९५४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत बर्नार्ड जाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिसे, झिर्कोनियम आणि टायटेनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनणाऱ्या मातीचा दाबविद्युत् गुण मोजला. झिर्कोनियम आणि टायटेनियमचे प्रमाण साधारण ५२ : ४८ असताना तो गुण विलक्षण वाढतो. तिला लघुरूपाने पीझेडटी म्हणतात. आपल्या दवाखान्यांतील बहुसंख्य सोनोग्राफी प्रोबांत आजही तीच किंवा तिची भावंडे आहेत. अलीकडे काही उंची प्रोबांत एकसंध स्फटिक आले आहेत आणि हातात मावणाऱ्या काही यंत्रांत सिलिकॉनची चकती आली आहे. पीझेडटीच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसे असते, म्हणून शिसेविरहित मातीचा शोधही जगभर चालू आहे.

वैद्यकाने हे तंत्र कारखान्यांकडून उसने घेतले, हे आपण विसरता कामा नये. १९५३ साली स्वीडनमध्ये एड्लर आणि हर्ट्झ यांनी माल्म येथील जहाजबांधणी कारखान्यातले धातूतील भेगा शोधणारे यंत्र मागून आणले आणि त्यावर हृदयाच्या हालचालींचे प्रतिध्वनी नोंदवले. १९५५ साली ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलर कारखान्यात घेऊन गेले आणि तेथील यंत्रावर त्यांनी त्या तपासून पाहिल्या. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा सुप्रसिद्ध निबंध १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पोलादातील भेग शोधणारे कान अशा रीतीने गर्भाशयापर्यंत आले.

क्षणभर बोलणे, दीर्घकाळ ऐकणे

प्रोबच्या तोंडाशी पीझेडटीची एक पातळ पट्टी असते आणि ती शंभराहून अधिक बारीक फाकांत कापलेली असते. पोट तपासण्याच्या साडेतीन मेगाहर्ट्झच्या प्रोबमध्ये तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक. प्रत्येक फाकेला स्वतंत्र तार. यंत्र विजेचा झटका देते, फाक थरथरते आणि ध्वनी शरीरात शिरतो. मऊ ऊतींत तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा परततो. परतलेला ध्वनी त्याच फाकेला दाबतो आणि अत्यंत क्षीण वीज निर्माण होते. त्या विजेतून पडद्यावरचे चित्र बनते.

यातील कालमान मला फार बोलके वाटते. फाक बोलते ती जेमतेम एक मायक्रोसेकंद. पंधरा सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतायला जवळजवळ दोनशे मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ ती फक्त ऐकते. एकपट बोलणे आणि दोनशेपट ऐकणे, असा तिचा दिनक्रम आहे.

ही माती घट्ट आणि जड, तर शरीर मऊ. दोहोंचा थेट संपर्क झाला तर ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊर्जा सीमेवरूनच मागे फिरेल. म्हणून मध्ये जुळवून घेणारे थर बसवतात. मध्ये हवा राहिली तर जवळपास काहीच पलीकडे जाणार नाही. म्हणूनच आपण जेल लावतो. रुग्णाला गार लागणारा तो चिकट थर म्हणजे माती आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ आहे.

प्रोब जमिनीवर पडला की फाका तडकू शकतात, त्यांना जोडलेल्या तारा निसटू शकतात आणि थर सुटू शकतात. बाहेरचे कवच अनेकदा शाबूत राहते. संस्कार उष्णतेनेही पुसला जातो. पीझेडटीचे क्यूरी तापमान प्रकारानुसार दोनशे ते साडेतीनशे अंशांच्या दरम्यान असले, तरी त्याच्या बरेच अलीकडे हा गुण ओसरू लागतो आणि आतले गोंद तर त्याहूनही आधी सुटतात. निर्जंतुकीकरणाच्या उत्साहात साधा प्रोब ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये, असे उत्पादक का बजावतात, ते यावरून ध्यानात यावे.

दोन-चार फाका बहिऱ्या झाल्या तर चित्र बंद पडत नाही. शेजारच्या फाका ते ओढूनताणून पूर्ण करतात. तडा गेलेला आरसा आपले तुकडे तरी दाखवतो. तडा गेलेला प्रोब गुळगुळीत, विश्वास ठेवावासा वाटेल असे चित्र दाखवतो. हरवतात ते सर्वांत क्षीण प्रतिध्वनी, आणि विसाव्याच्या काळातला नाळेतील मंद प्रवाह हा त्या क्षीण प्रतिध्वनींपैकीच एक. माझ्या रुग्णाच्या आलेखात शिखरे होती आणि दऱ्या रिकाम्या होत्या, याचा उलगडा मला असा झाला. २००९ साली स्वीडनमधील ३२ रुग्णालयांत वापरात असलेल्या ६७६ प्रोबांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. जवळपास ४० टक्के प्रोबांत काही ना काही दोष आढळला होता. ते निष्कर्ष मी दोन वर्षे उशिरा वाचले.

माझे कान

आता लिहायला अवघड असा भाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे पंधरा वर्षे काम करणाऱ्या मासी माझ्या खोलीत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बेन, पाच दिवसांपूर्वी पुसताना तो माझ्या हातातून पडला होता. उचलून पाहिला तर फुटला नव्हता. चालू केला तर चित्र येत होते. तुम्ही रागावाल म्हणून बोलले नाही."

माझ्या तोंडावर शब्द आले होते. प्रोबची किंमत, त्या बाईचे बाळ, सारे काही मी त्यांना सुनावणार होते. मग आठवले, की वर्षभरापूर्वी रक्तदाबमापकाची काच फुटली तेव्हा मी याच मासींना सर्व रुग्णांदेखत बोलले होते. त्या दिवशी त्यांनी जो धडा घेतला, तो मीच दिलेला होता. प्रोबमधील चार-दोन फाका बहिऱ्या झाल्या हा अपघात होता. माझ्या दवाखान्यात घडलेली गोष्ट माझ्या कानापर्यंत पोहोचू नये, अशी व्यवस्था मात्र मी स्वतः केली होती. दोनशेपट ऐकणारी माती मी रोज हातात धरत होते आणि माझे प्रमाण नेमके उलटे होते.

मी त्यांना बसायला सांगितले. काही वेळाने एवढेच म्हणाले, "मासी, यापुढे काही पडले, फुटले, तर आधी मला सांगायचे. मी रागावणार नाही." हे वचन मी पूर्णपणे पाळले असे म्हणवत नाही, परंतु बऱ्याच अंशी पाळले आहे.

माझ्या रुग्णाची प्रसूती सदतिसाव्या आठवड्यात झाली. बाळ जन्मतः लहानखुरे होते, पण खणखणीत रडले. त्याला उष्णता देणाऱ्या पाळण्यात ठेवले, तेव्हा त्याच्या पोटावर चिकटवलेल्या तापमापक बटणाकडे माझे लक्ष गेले. मँगॅनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडांच्या भाजलेल्या मातीचा तो मणी. तापमान एक अंशाने वाढले की त्याचा विद्युतरोध सुमारे चार टक्क्यांनी घटतो आणि तेवढ्यावरून पाळण्याला बाळाचा ताप कळतो. पाळण्याची वायर ज्या पट्टीत खोचली होती, तिच्या आत झिंक ऑक्साइडची चकती असते. बाळांच्या लाल झालेल्या कातडीला आपण मलमातून लावतो तेच झिंक ऑक्साइड. नेहमीच्या दाबाला ती वीज रोखून धरते आणि विजेचा दाब एकाएकी उसळला की क्षणार्धात वाहक होऊन तो आघात स्वतः झेलते. दम्याच्या रुग्णाचे औषध धुक्यासारखे उडवणाऱ्या श्राव्यातीत नेब्युलायझरमध्ये आणि दंतवैद्यांच्या कित्येक स्केलरमध्ये तर पुन्हा तीच थरथरणारी माती. रोखणारी, साठवणारी, ऐकणारी, ताप ओळखणारी, आघात झेलणारी अशी किती रूपे! ज्या मातीला मी मख्ख म्हणत होते, तिच्याच भरवशावर माझा सारा व्यवसाय चालला होता.

एक विनंती

वैद्यकमित्रांना एक छोटीशी कृती सुचवून हा लेख पुरा करते. सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी प्रोब स्वच्छ पुसून, जेल न लावता, हवेत धरावा. खोली कमी ठेवावी, फोकस वर घ्यावा आणि चित्र मृदू करणाऱ्या सुविधा बंद कराव्यात. पडद्याच्या वरच्या भागातील उजळ पट्ट्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड हव्यात. मध्ये काळी उभी रेघ दिसली, तर कागदाला लावायच्या टाचणीक्लिपची गोल कड प्रोबच्या तोंडावरून, ओरखडा न काढता, हळूहळू फिरवावी. ती जिथे जाईल तिथे पडद्यावर उजळ रेषा सरकत गेली पाहिजे. जिथे ती मंदावते, तिथली माती बहिरी झाली आहे असे समजून अभियंत्यास बोलवावे. या साऱ्याला एक मिनिट पुरते. वायरीला पीळ पडू देऊ नये आणि प्रोब त्याच्या खोबणीतच ठेवावा, हे आपल्या मदतनिसांनाही समजावून सांगावे. आणि ते काही सांगायला आले, तर हातातले काम थांबवून ऐकावे.

माझ्या टेबलावर आज दोन वस्तू शेजारी शेजारी आहेत. एक अण्णांनी आणलेला, कड उडालेला तपकिरी विद्युतरोधक आणि दुसरा तो निकामी प्रोब. मासी आता वयोमानाने काम सोडून गेल्या आहेत, पण जाईपर्यंत रोज सकाळी प्रोब हवेत धरून तपासण्याचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. पट्ट्या नीट दिसल्या की त्या मला हाक मारून सांगत, "बेन, आज सगळे ऐकू येते आहे."